घोड्यावरचे वजन आणि पैजेवरचा कर

सर्वोच्च न्यायालयाने जी गोष्ट कौशल्याची म्हणून मान्य केली, तीच गोष्ट करसंहितेने लॉटरी आणि कॅसिनो यांच्या पंक्तीला नेऊन बसविली आहे. अश्वशर्यतीवरील पैजेला 2017 साली 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. हा कर शर्यत भरविणाऱ्या क्लबाच्या मेहनतान्यावर नाही. पैज लावणाऱ्याने खिडकीवर दिलेल्या संपूर्ण रकमेवर आहे. दर वाढला, तेव्हा त्याची चर्चा फारशी झाली नाही. रेसच्या नादी लागलेल्यांविषयी समाजाला सहानुभूती नसते आणि ती असावी असा कोणाचा आग्रहही नाही. तथापि येथे प्रश्न केवळ काही शौकिनांच्या खिशाचा नाही. कायद्याने एका हाताने जे मान्य केले, ते दुसऱ्या हाताने निरर्थक करून टाकावे काय, आणि तसे करताना नीतीचे नाव घ्यावे काय, असा हा प्रश्न आहे. त्याचा निवाडा करावयाचा तर शर्यतीतील हे तथाकथित कौशल्य नेमके कशात आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वजनाचे गणित

'हँडिकॅप' हा शब्द मूळचा घोड्यांचा नव्हे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांनी आपापली वस्तू पुढे करावी, तिसऱ्याने पंच म्हणून दोन्ही वस्तूंच्या किमतीतील फरक सांगावा आणि तो निवाडा मान्य की अमान्य हे टोपीत हात घालून दर्शवावे, असा तो प्रकार. टोपीतील हात यावरून हा शब्द आला. पुढे हाच पंच घोड्यांच्या शर्यतीत अवतरला. घोड्याघोड्यांतील फरक तो पैशात सांगत नाही, वजनात सांगतो. जो घोडा अधिक गुणी, त्याच्या पाठीवर अधिक वजन. जो दुबळा, त्याला सवलत. सर्व घोडे अंतिम रेषा एकाच क्षणी ओलांडतील असा भार वाटून देणे हे हँडिकॅपरचे स्वप्न असते. इंग्लंडमध्ये ॲडमिरल राऊस यांची 1855 मध्ये सार्वजनिक हँडिकॅपर म्हणून नेमणूक झाली. घोड्याचे वय, वर्षातील महिना आणि शर्यतीचे अंतर यांनुसार वजन ठरविण्याचे जे कोष्टक त्यांनी सिद्ध केले, त्याच्या पायावर आजही जगभरच्या शर्यती उभ्या आहेत.

हे गणित शाळकरी मुलालाही समजेल इतके सरळ आहे. ब्रिटिश पद्धतीत घोड्याच्या गुणांकनातील एक गुण म्हणजे एक पौंड वजन. मैलाच्या शर्यतीत घोड्याच्या एका लांबीच्या अंतराला ढोबळमानाने दोन पौंड धरतात; पाच फर्लांगाच्या छोट्या धावेत तीन, आणि दीड मैलाच्या लांब पल्ल्यात एक. समान वजन घेऊन धावलेल्या दोन घोड्यांपैकी पहिल्याने मैलाची शर्यत दोन लांबींनी जिंकली, तर पुढच्या भेटीत त्याच्यावर चार पौंड, म्हणजे सुमारे 1.8 किलो, वजन अधिक चढते. यशाचा दंड आणि अपयशाची भरपाई असा हा व्यवहार आहे.

पैज लावणाऱ्याचे काम येथून सुरू होते. हँडिकॅपरने मांडलेला हिशेब कोठे चुकला आहे, हे त्याला शोधायचे असते. हँडिकॅपर मागच्या कामगिरीवरून वजन ठरवतो; पण घोडा उद्या धावायचा असतो. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात चालतो. तेथे भिजलेल्या, मऊ जमिनीवर चमकलेला घोडा नोव्हेंबरनंतर महालक्ष्मीच्या कोरड्या मैदानावर तसाच धावेल असे नाही. बाराशे मीटरांत शेवटी मागे पडणारा दुसरा एखादा घोडा सोळाशे मीटरांत नव्या दमाने पुढे येईल. जॉकी बदलला काय, सुटताना आतली जागा मिळाली की बाहेरची, वरच्या वर्गातून खालच्या वर्गात घोडा उतरला आहे काय, सकाळच्या रपेटीत त्याचा वेळ काय लागला, त्याच्या आईबापांची संतती लांब पल्ल्याची की छोट्या धावेची, असे दहा प्रश्न सोडवून मगच विचारी माणूस खिडकीशी जातो. शनिवारी रात्री रेसचे पुस्तक पुढ्यात घेऊन, कान्याकोपऱ्यात आकडे मांडत बसलेला कारकून मुंबईच्या चाळींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याला व्यसनी म्हणता येईल. पण तो विचार न करता पैसे लावतो असे म्हणता येणार नाही.

न्यायालयाने काय म्हटले

न्यायालयाने नेमकी हीच गोष्ट ओळखली. 1957 साली चमारबागवाला खटल्यात बक्षीस-स्पर्धांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापार ठरत नाही असे सांगितले. मात्र ज्या स्पर्धेत यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते तिला जुगार म्हणता येणार नाही, असा भेदही केला. 1968 मध्ये रमीचा डाव याच कसोटीवर कौशल्याचा ठरला. मद्रासच्या शर्यती मात्र अनेक वर्षे वादात राहिल्या. तामिळनाडू सरकारने 1974 साली शर्यतींवरील पैजा बंद करण्याचा कायदा केला आणि 1986 साली मद्रास रेस क्लबच ताब्यात घेण्याचा दुसरा कायदा केला. डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या अर्जावर 12 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. घोड्याची गती आणि दम, त्याचे शिक्षण, जॉकीची हुशारी यांवर शर्यतीचा निकाल ठरतो आणि या सर्वांचे मूल्यमापन करून पैज लावली जाते. म्हणून अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि 1986 चा अधिग्रहणाचा कायदा रद्द ठरविला.

या निकालाचे पुढे जे झाले ते मोठे उद्बोधक आहे. शर्यतींसाठी दिलेला युक्तिवाद मोबाइलवरील पैशांच्या खेळांनी उचलला. काल्पनिक संघ निवडून पैसे लावण्याच्या क्रिकेटला उच्च न्यायालयांत जे संरक्षण मिळाले, त्यात 1996 च्या या निकालाचा मोठा आधार होता. 'कौशल्याचा खेळ' ही जाहिरातीची घोषणा झाली. शर्यतीला निदान हंगाम असतो, वार असतो, मैदान असते आणि तेथपर्यंत जाण्याचे कष्ट असतात. भ्रमणध्वनीवरचा खेळ मात्र रात्री दोन वाजता विद्यार्थ्याच्या उशाशी हजर असतो. त्यातून घराघरांत जे घडले त्याच्या बातम्या आल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन चालविता येणार नाही, असे या कायद्याने स्पष्ट केले. म्हणजे सात दशके न्यायालयांनी जपलेला भेद एका क्षेत्रापुरता संसदेने पुसून टाकला. तो पुसणे योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतील. पण त्यात निदान सरळपणा होता. जे घातक वाटले ते बंद केले. अश्वशर्यतीच्या बाबतीत हा सरळपणा नाही. तेथे बंदी नाही आणि मान्यताही नाही. आहे तो केवळ कर.

कराने खेळ कसा बदलतो

टोटचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय या कराचे स्वरूप ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत पैज लावणारा क्लबाशी खेळत नाही, इतर पैज लावणाऱ्यांशी खेळतो. सर्वांचे पैसे एका निधीत जमतात, क्लब त्यातून आपला हिस्सा काढून घेतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. 1913 साली जॉर्ज ज्यूलियस यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे यासाठी यंत्र बसविले आणि टोटची खिडकी जगभर गेली. या पद्धतीत कोण जिंकणार हे जनसमूहाचा कौल सांगतो आणि तो कौल सहसा फारसा चुकत नाही. लोकांच्या पसंतीचा पहिला घोडा ढोबळमानाने तीनपैकी एका शर्यतीत जिंकतो. जनसमूह चुकतो तो दुसऱ्याच टोकाला. पन्नास रुपयांना एक अशा भावाच्या घोड्यावर लोक त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक पैसे लावतात, हे 1949 पासून अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गरजू माणूस मोठ्या भावाच्या मागे धावतो आणि तेथेच सर्वाधिक हरतो.

आता हिशेब पाहावा. समजा, क्लबाचा हिस्सा 10 टक्के आहे. कर नसेल तर शंभर रुपयांच्या निधीतून नव्वद रुपये वाटले जातात. सर्वसाधारण खेळणाऱ्यापेक्षा सुमारे 11 टक्के अधिक अचूक असणारा मनुष्य तेथे बरोबरीत सुटतो. हे अवघड आहे, अशक्य नाही. पण 40 टक्के कर दर्शनी रकमेवर लागला की शंभर रुपयांच्या पैजेसाठी एकशे चाळीस मोजावे लागतात आणि परत वाटायला नव्वदच राहतात. आता बरोबरीत येण्यासाठी इतरांपेक्षा सुमारे 56 टक्के अधिक अचूक असले पाहिजे. एखाद्याने हजार रुपये घेऊन यावे आणि प्रत्येक शर्यतीत हाती उरलेले सर्व पुन्हा लावावे, तर सरासरीने पाचव्या शर्यतीअखेर कर नसताना 590 रुपये उरतील. आजच्या कराने 110. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर आहेच आणि हरलेल्या पैजांची वजावट त्यातून मिळत नाही. दहा वेळा हरून अकराव्या वेळी जिंकलेल्या माणसाला प्राप्तिकराच्या लेखी फक्त अकरावी वेळ दिसते.

कौशल्याला वाव तरी किती, हे हाँगकाँगच्या उदाहरणावरून कळते. बिल बेंटर या अमेरिकन गृहस्थाने 1980 च्या दशकात तेथे संगणकाच्या साहाय्याने घोड्यांच्या कामगिरीचे गणिती प्रतिमान तयार केले आणि त्यावर प्रचंड पैसा मिळविला. 1994 मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्धही केली. तिच्यातील सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, नुसत्या प्रतिमानावर त्याचे भागत नव्हते. टोटवरील जनसमूहाचे भाव त्यात मिसळल्यावरच अंदाज नफ्याचे होत. जगातला सर्वांत यशस्वी हँडिकॅपर लोकांच्या सामूहिक शहाणपणावर थोडीशीच मात करू शकला. तेथे साध्या पैजेवरील एकूण वजावट 20 टक्क्यांहून कमी होती, म्हणून ती थोडीशी मात त्याला पुरली. आपल्या हिशेबात ही वजावट दिलेल्या दर रुपयामागे सुमारे 36 पैसे होते. या ओझ्याखाली बेंटरही बुडाला असता, मग कारकुनाची काय कथा!

म्हणून असे म्हणावे लागते की, न्यायालयाने कौशल्याचा ठरविलेला खेळ करानेच जुगार करून टाकला आहे. ज्या खेळात विचार करणारा आणि न करणारा दोघेही खात्रीने हरतात, त्याला कौशल्याचा खेळ म्हणण्यात अर्थ उरत नाही. हँडिकॅपर वजन चढवितो ते सर्वांना सारखी संधी मिळावी म्हणून. येथे सर्वच घोड्यांवर इतके वजन चढविले आहे की कोणीच रेषेपर्यंत पोहोचू नये. कर्नाटक उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये नेमका हाच दोष दाखविला होता. टोटमध्ये जमणारी संपूर्ण रक्कम ही क्लबाच्या सेवेची किंमत नव्हे, कर क्लबाच्या हिश्श्यावरच लागू शकतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. पुढे वस्तू व सेवा कर परिषदेने 2023 मध्ये भूमिका कायम ठेवली, कायद्यातच दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून दर्शनी रकमेवरील आकारणी पक्की करण्यात आली.

नीतीचा दावा

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. पैजेचे व्यसन कमी व्हावे, संसार वाचावेत, यासाठीच कर जबर असला पाहिजे. हे उत्तर सहजी झटकून टाकण्यासारखे नाही. रेसपायी दागिने गहाण पडल्याच्या, पगाराचे पाकीट घरी न पोहोचल्याच्या कहाण्या गिरणगावाने आणि सरकारी वसाहतींनी भरपूर ऐकल्या आहेत. परंतु कराने व्यसन सुटते काय? टोटच्या खिडकीवर एकशे चाळीस मोजणाऱ्याला बाहेरचा बेकायदा बुकी शंभरात तीच पैज देतो, शिवाय उधारीवर देतो. टोटमध्ये खिशात असेल तेवढेच हरता येते. उधारीत पुढच्या महिन्याचा पगारही हरता येतो. मुंबईला हे नवे नाही. कोणत्याही परवान्यावाचून, कोणताही कर न भरता मटका या शहरात दशकानुदशके चालला. कायदेशीर खिडकी महाग करण्याने पैज थांबत नाही. ती हिशेबाबाहेर जाते आणि तिच्यामागून वसुलीची दंडेली येते.

शिवाय नीतीचा दावा करणाऱ्या राज्यसंस्थेचा स्वतःचा व्यवहारही तपासावा लागेल. महाराष्ट्र शासनाची स्वतःची लॉटरी 1969 साली सुरू झाली. लॉटरीत कोणतेही कौशल्य नाही, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. ज्यात बुद्धीला काडीचाही वाव नाही ती सोडत शासनाच्या नावाने निघते आणि ज्यात न्यायालयाला बुद्धीचा वाव दिसला तो खेळ त्याच 40 टक्क्यांच्या यादीत बसतो. ही यादी नीतीने केली नसून महसुलाच्या सोयीने केली आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर देणार?

क्लबांची जबाबदारी

याचा अर्थ शर्यतींचे क्लब निर्दोष आहेत असा नव्हे. कौशल्याचा निवाडा त्यांनी न्यायालयात मिळविला; पण कौशल्याला जी माहिती लागते ती सामान्य माणसाच्या हाती पुरेशी दिली नाही. हँडिकॅपच्या पद्धतीतच एक मोह दडलेला आहे. घोडा हरला की त्याचे गुणांकन उतरते आणि वजन हलके होते. त्यामुळे दोन-तीन शर्यतींत घोडा मुद्दाम ओढून धरावा आणि मग हलक्या वजनावर, चढ्या भावात तो सोडावा, ही युक्ती शर्यतीइतकीच जुनी आहे. स्टुअर्डांची चौकशी असते, शिक्षा असतात. पण जे तबेल्यात ठाऊक असते ते गॅलरीत ठाऊक नसते, तोवर कारकुनाचे रात्रभरचे गणित व्यर्थ असते. हाँगकाँगमध्ये घोड्यांच्या सकाळच्या सरावाची आणि पशुवैद्यकीय तपासणीचीही नोंद सर्वांसाठी प्रसिद्ध केली जाते. कौशल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक क्लबाने इतके तरी करावयास हवे. माहिती मूठभरांची आणि धोका सर्वांचा, या अवस्थेत कौशल्य हा शब्द फक्त वकिलांच्या उपयोगाचा राहतो.

जमिनीच्या प्रश्नातही हाच धडा आहे. महालक्ष्मीचे मैदान 1883 पासूनचे. त्याचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती जागा वादात राहिली. अखेर 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि 91 एकर क्लबाकडे, अशी विभागणी मान्य झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडू सरकारने गिंडी येथील रेस क्लबाच्या 160 एकर जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. श्वास घ्यायला जागा नसलेल्या शहरांत मूठभरांच्या छंदासाठी शेकडो एकर राखून ठेवण्याचे समर्थन आता कोणी करू शकणार नाही. मुंबईतील तडजोडीने क्लबाला उरलेल्या जागेत आपले औचित्य सिद्ध करण्याची संधी दिली आहे. हे औचित्य अगदीच पोकळ नाही. मोतद्दार, नालबंद, सकाळची रपेट करणारी मुले, घोडपैदाशीच्या फार्मवरचे मजूर अशी हजारो कुटुंबे या व्यवसायावर जगतात. पुण्याच्या घोडपैदाशीतून निवृत्त झालेले घोडे लस-रसायन बनविण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्याच विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूटचा जन्म झाला, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

एक भूमिका घ्यावी

शासनापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. अश्वशर्यतीवरील पैज समाजाला घातक आहे असे त्याचे मत असेल, तर ऑनलाइन खेळांप्रमाणे संसदेपुढे तसा कायदा आणावा, त्यावर चर्चा होऊ द्यावी, मोतद्दारांच्या पुनर्वसनाची तरतूद करावी आणि 1996 च्या निकालाला उघडपणे सामोरे जावे. तसे मत नसेल, तर कर क्लबाच्या हिश्श्यावर लावावा, तो हिस्सा किती असावा यावर मर्यादा घालावी, माहिती खुली करण्याची अट परवान्यातच घालावी आणि उधारीच्या बेकायदा धंद्यावर पोलिसी बळ खर्च करावे. बंदीचे धैर्य नाही आणि महसुलाचा मोह सुटत नाही, म्हणून मधल्यामध्ये उभे राहणे हा मार्ग नव्हे.

आणि शनिवारी रात्री रेसचे पुस्तक उघडून बसणाऱ्याने काय करावे? न्यायालयाने या खेळाला कौशल्याचा म्हटले हे खरे आहे. त्यातून उत्पन्न मिळते असे मात्र कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. आजच्या कराने टोटच्या खिडकीवर ठेवलेल्या प्रत्येक रुपयातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग घोडा सुटण्यापूर्वीच जातो. घोड्यांची परीक्षा, वजनाचे गणित, पावसाळी आणि कोरड्या जमिनीचा फरक यांत ज्याला खरोखर रस आहे, त्याने तो अभ्यास जरूर करावा. रविवारी पाहायला जावे. आपला अंदाज कागदावर लिहून निकालाशी ताडून पाहावा. बुद्धीचा आनंद तेवढ्यातही पुरेपूर मिळतो. शासन आपली भूमिका ठरवीपर्यंत महिन्याचा पगार तरी कागदाबाहेर राहू द्यावा.